आयर्लंडचा नाताळ: खिडकीतली मेणबत्ती, पेंढ्याची माणसं आणि बायकांचा सण

सायली_केरी

आम्ही आयर्लंडला आलो त्याला या डिसेंबरात आठ वर्षं होतील. घर केरी काउंटीत, ट्रली गावाच्या जरा बाहेर. पहिल्या वर्षी इथल्या अंधाराची मला धास्तीच बसली होती. सकाळी पावणेनऊपर्यंत उजाडायचं नाव नाही, आणि दुपारचा चहा होतोय न होतोय तोच दिवेलागण. वर पाऊस, तोही समुद्राकडून आडवा येणारा. अशाच एका संध्याकाळी, २४ डिसेंबरला, दार वाजलं. शेजारच्या आजी होत्या. एका हातात पांढरी जाडजूड मेणबत्ती, दुसऱ्या हातात भलंमोठं सलगम. सलगमाचा बुडखा सुरीनं सपाट केलेला, वर मधोमध मेणबत्तीपुरती खोबण कोरलेली, कडेनं हॉलीच्या काटेरी डहाळ्या खोचलेल्या. आत येऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "या घरात सगळ्यात लहान कोण?"

लेक तेव्हा दोन वर्षांची होती. आजींनी तिला कडेवर घेतलं, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून काडी ओढली आणि मेणबत्ती लावली. मग पडदा सरकवून आम्ही ती रस्त्याकडच्या खिडकीत ठेवली. "आज दाराला कडी लावू नका हं," एवढं सांगून आजी गेल्या. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि पाहिलं, तर त्या ओल्या काळोखात टेकडीच्या उतारावर घरोघरी एकेक ज्योत दिसत होती. त्या रात्री पहिल्यांदा मला इथे परकं वाटलं नाही.

या मेणबत्तीचा अर्थ पुढे हळूहळू कळत गेला. मेरी आणि जोसेफ त्या रात्री आसरा शोधत हिंडत होते, त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. म्हणून ही ज्योत सांगते की या घरात जागा आहे. लावायचा मान घरातल्या धाकट्याचा. जुन्या काळी झोपायला जाण्याआधी टेबलावर पाव आणि दूध मांडून ठेवायचे, चुलीतला विस्तव विझू द्यायचे नाहीत आणि दार नुसतं लोटून ठेवायचे. आजी अजून ठेवतात. कॅथलिकांवर कडक कायदे होते त्या काळाची एक आठवणही लोक सांगतात: लपूनछपून फिरणाऱ्या पाद्र्याला या उजेडावरून कळायचं की हे घर आपलं आहे.

आणखी एक पदर आहे तो स्थलांतराचा. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात इथली सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या मुलं बोटीत बसून जातच राहिली. नाताळाच्या आधी 'अमेरिकेचं पत्र' यायचं. आत डॉलर असायचे, त्यावर घरभाडं आणि नाताळचा बाजार भागायचा. म्हणून खिडकीतली ज्योत दूर गेलेल्यांसाठीही. १९९० साली मेरी रॉबिन्सन राष्ट्रपती झाल्या, त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री. त्यांनी राष्ट्रपतींच्या निवासस्थानाच्या खिडकीत जगभर पांगलेल्या आयरिश लोकांसाठी कायमचा दिवा ठेवला. बाहेरच्या माणसाला ही साधीशी गोष्ट वाटेल. इथल्या म्हाताऱ्या माणसांकडे त्याचा विषय काढून बघा, आवाज बदलतो.

नाताळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर २५ डिसेंबर, झाड आणि केक एवढंच येतं. इथे राहिल्यावर कळलं की हा महिनाभराचा पसारा आहे. ८ डिसेंबरला मेरीमातेचा सण, त्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं खरेदीला डब्लिन गाठायची. शाळा बंद, गाड्या भरलेल्या. आता सगळं घरबसल्या मागवता येतं, तरी आजींच्या पिढीला ८ तारखेला बाजारात जाऊन आल्याशिवाय नाताळ लागल्यासारखा वाटत नाही. मग घर झाडणं, धुराडं साफ करणं, भिंतींना चुना. दिवाळीआधी आपल्याकडे जशी बायकांची पाठ मोडते तशीच इथेही मोडायची. २४ च्या रात्री उपास, म्हणजे मांस वर्ज्य. खारवलेला 'लिंग' (ling) नावाचा मासा रात्रभर भिजत घालून उकडायचा, वर कांद्याचा पांढरा सॉस आणि बटाटे. मी कोकणातली, सुक्या माशाच्या वासाला सरावलेली. पण आजींच्या स्वयंपाकघरातला तो वास आला आणि गळ्यात आवंढा आला, कारण तो थेट आमच्या माळ्यावरच्या सुक्या बांगड्यांचा वास होता.

२५ तारीख त्यामानानं शांत. सकाळी चर्च, मग घरच्यांच्या थडग्यांवर हॉलीची चक्रं ठेवून यायची, मग दिवसभर जेवण. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. खरी धमाल दुसऱ्या दिवशी. त्याबद्दल प्रतिसादात लिहिते, हात दुखले. इथे आयर्लंडमध्ये राहणारे बरेच जण आहेत, तुम्हीही आपापल्या भागातलं लिहा.

मालवणी_माणूस

ताई, वाचताना अंगावर काटा आला. २६ तारखेचं लवकर लिहा.

आमच्या मालवण तालुक्याचं आणि आयर्लंडचं नातं सगळ्यांना ठाऊक आहेच. लिओ वराडकर तिथले पंतप्रधान झाले, त्यांचे वडील वराड गावचे. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते पंतप्रधान असताना कुटुंबासह वराडला येऊन गेले. ग्रामदैवताच्या देवळात गेले, गावकऱ्यांनी घरच्या माणसासारखं स्वागत केलं. म्हणजे मेणबत्ती तिकडे आणि पाहुणा इकडे असंच झालं म्हणायचं.

सायली_केरी

मालवणी माणूस, २६ तारखेचं तर तुम्हीच ओळखाल असं आहे.

२६ डिसेंबर म्हणजे सेंट स्टीफनचा दिवस. इंग्रजांसारखं 'बॉक्सिंग डे' इथे कुणी म्हणत नाही. आयरिश भाषेत 'लॉ अन द्रोलीन', रेन पाखराचा दिवस. रेन हा जेमतेम बोटाएवढा तपकिरी पक्षी, वजन दहाएक ग्रॅम, शेपटी उभी आणि आवाज मात्र अख्ख्या कुंपणाला ऐकू जाईल असा. पूर्वी पोरं काठ्या घेऊन झुडपांतून त्याला हुसकायची, मारायची, हॉलीच्या फांदीला बांधायची आणि मिरवत दारोदार जायची. म्हणायचं ते असं की हा सगळ्या पाखरांचा राजा, काटेरी झुडपात सापडला, लहान असला तरी घराणं थोर आहे, तेव्हा त्याच्या मर्तिकासाठी पैसे द्या. आता पाखराला कुणी हात लावत नाही. फांदीवर खोटं पाखरू असतं, नाहीतर नुसत्या रिबिनी.

एवढ्याशा पाखराशी वैर का, त्याच्या गोष्टी घरागणिक वेगळ्या. सेंट स्टीफन लपला होता त्या झुडपात यानं चिवचिवाट केला आणि त्याला पकडून दिलं, ही एक. आयरिश सैन्य रात्री दबा धरून बसलं होतं, तर हा नगाऱ्यावर पडलेले पावाचे कण टिपायला लागला आणि त्या टकटकीनं शत्रू जागा झाला, ही दुसरी. आजींची आवडती तिसरी: पाखरांनी ठरवलं की जो सगळ्यात उंच उडेल तो राजा. गरुड वर वर गेला, दमला, आणि त्याच्या पंखांत दडून बसलेला रेन तिथून आणखी हातभर वर उडाला.

आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर डिंगल नावाचं बंदर आहे. तिथे हा दिवस पाहावा. गावातल्या आळ्यांचे वेगवेगळे रेन असतात, म्हणजे पथकं. गोट स्ट्रीटचं, क्वेचं, जॉन स्ट्रीटचं, आणि ग्रीन अँड गोल्ड. प्रत्येकाचे रंग ठरलेले, घराणं ठरलेलं. ज्या आळीत जन्मलात तिचं पथक सोडून दुसऱ्यात जायचं नाही. दुपारी ढोल आणि बासऱ्या सुरू होतात आणि मग रात्रीपर्यंत गल्ल्यांमधून, दारूच्या गुत्त्यांत एका दारानं शिरून दुसऱ्या दारानं बाहेर. बरोबर 'लॉर वॉन', म्हणजे पांढरी घोडी: लाकडी सांगाड्यावर पांढरं कापड, तोंडाचा जबडा दोरीनं उघडमीट होणारा. पोरांवर धावून जाते, पोरं किंचाळत पळतात आणि पुन्हा तिच्यासमोर येऊन उभी राहतात.

नवरा गेली तीन वर्षं शेजाऱ्यांच्या लहानशा पथकात जातो. पेंढ्याचा पोशाख करताना मी पाहिलाय. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये चारपाच जण जमिनीवर बसून ओटच्या काडांच्या वेण्या वळत होते. काड कंबाइनमधून निघालेलं चालत नाही, ते चुरतं. लांब, अखंड, पिवळंधमक काड लागतं, त्यासाठी एक तुकडा मुद्दाम जुन्या पद्धतीनं कापलेला असतो. कमरेला एक झालर, खांद्यावर दुसरी, आणि डोक्यावर शंकूसारखी उंच टोपी. ती तोंडावरून खाली उतरते, आत माणूस कोण ते बायकोलाही कळत नाही. ओल्या हवेत त्या पेंढ्याचा असा काही गोडसर वास सुटतो की मला खळं आठवलं. टोपी घातलेला माणूस बोलत नाही, फक्त नाचतो. बौरॉन नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं चपटं डफासारखं वाद्य, मेलोडियन, बासरी. जमलेले पैसे आता धर्मादाय कामाला जातात. पूर्वी त्यातून गावजेवण आणि नाच व्हायचा, त्यावर पाद्रीबुवा रागवायचे.

मालवणी_माणूस

अहो ही तर आमची शबय! शिमग्याला सोंगं काढून, तोंड रंगवून घरोघरी जायचं, नाचायचं आणि 'शबय शबय' करत पैसे मागायचे. आमच्या लहानपणी घरातली माणसं मुद्दाम आधी नाही म्हणायची, म्हणजे आणखी नाचतील. आणि सोंगाच्या आतला ओळखू आला तरी नाव घ्यायचं नाही. तुमच्या पेंढ्याच्या टोपीवरून ते आठवलं. ऋतू मात्र उलटा, आमचा शिमगा थंडी सरताना.

वेक्सफर्डचा_पाहुणा

सायलीताई, सुंदर. थोडी भर घालतो, कारण आयर्लंडचा पूर्व किनारा आणि उत्तर भाग वेगळा आहे आणि लोक दोन्हीची सरमिसळ करतात.

रेनची पोरं वेगळी आणि 'ममर्स' वेगळे. ममर्सचं चक्क नाटुकलं असतं, यमकात. एक कप्तान येऊन घरमालकाकडे जागा मागतो. मग दोन वीर भांडतात, एक मरून पडतो. डॉक्टर येतो, आपल्या औषधाची अचाट स्तुती करतो आणि मेलेला उठून बसतो. मग बीलझबब हा सैतान येतो, डेव्हिल डाउट नावाचा दुसरा सैतान पैसे मागतो. उत्तरेत फर्माना काउंटीत उंच पेंढ्याच्या टोप्या घालून हे करतात. आमच्या वेक्सफर्डमध्ये मात्र पोशाख नीटनेटका आणि पात्रं आयर्लंडच्या इतिहासातली, तलवारींच्या जागी लाकडी काठ्या ठोकत नाच. मी पहिल्यांदा पाहिलं ते एका स्वयंपाकघरात. दहा माणसं, चूल, टेबल भिंतीला सरकवलेलं. मेलेला वीर माझ्या पायाशी पडला होता. बाहेर काळोख आणि गारठा, आणि आत एक मेलेला माणूस उठून बसला, तेव्हा घरातल्या पोरांच्या तोंडावर जे आलं ते मला सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट किलमोर गावची. या भागात नाताळची जी भजनं गातात (कॅरोल हा शब्द मला त्यांना अपुरा वाटतो), त्यांतली काही ल्यूक वॉडिंग नावाच्या बिशपनी रचली, १६८४ साली छापली. पुढे १७२८ च्या सुमारास विल्यम डेव्हरू या पाद्रींनी त्यात भर घातली. पिढ्यान्‌पिढ्या किलमोरच्या चर्चमध्ये सहा पुरुष ती गातात. तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, एक कडवं यांनी घ्यायचं, पुढचं त्यांनी. कुठलंही वाद्य नाही. चाल इतकी संथ की एकेका शब्दावर श्वास संपतो. गाणाऱ्यांच्या जागा घराण्यात चालत आल्यात. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. भाषा कळत होती, तरी शब्दांकडे लक्षच गेलं नाही. काकडआरतीला पहाटे देवळात म्हाताऱ्यांचा एकसुरी आवाज लागतो ना, तसं काहीतरी छातीत होत होतं.

पुणेरी_वाचक

माहितीपूर्ण धागा. पण हे सगळं मूळचं ख्रिस्ती नाही हे स्पष्ट म्हणायला हवं. हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसाची सूर्योपासना, द्रुइडांचं (जुन्या केल्टिक पुरोहितांचं) पाखरू, मरून उठणारा वीर म्हणजे मरून उठणारा सूर्य. चर्चनं वर फक्त नावं बदलली. न्यूग्रेंज हा याचा धडधडीत पुरावा आहे.

जुनी_पानं

पुणेरी वाचक, न्यूग्रेंजबद्दल सांगते, कारण ती जागा मी दोनदा पाहिली आहे, आणि तुमच्या निष्कर्षाशी माझं जमत नाही.

मीथ काउंटीत, डब्लिनपासून पन्नासेक किलोमीटरवर बॉइन नदीच्या वळणावर हा टेकडीएवढा दगडमातीचा गोल ढिगारा आहे. व्यास ८५ मीटर, भोवती ९७ मोठे दगड. इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपासचा, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून जुना. आत १९ मीटरची बोळ, माणूस अंग चोरून जाईल एवढी, आणि शेवटी दालन. दाराच्या वर एक वेगळी खिडकीसारखी फट आहे. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांच्या सुमारास सूर्योदयानंतर, आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, त्या फटीतून किरण आत शिरतो, बोळीतून सरकत दालनाच्या जमिनीवर पोचतो आणि सतरा मिनिटांनी नाहीसा होतो. मायकेल ओ'केली हे उत्खनन करणारे प्राध्यापक. गावकरी त्यांना सांगायचे की आत ऊन येतं. खात्री करायला २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते एकटे आत जाऊन बसले, आणि आलं. आता त्या पहाटेसाठी सोडत काढतात. काही वर्षी तीसेक हजार अर्ज आलेले आहेत आणि आत जागा मोजक्याच माणसांना. ढग आले तर काहीच दिसत नाही. तरी लोक बाहेर गवतात उभे असतात. मीही होते. ढगच होते. कुणी हळहळलं नाही, थर्मासमधला चहा एकमेकांना दिला आणि उजाडेपर्यंत सगळे उभे राहिले.

आता तुमचा मुद्दा. ज्यांनी न्यूग्रेंज बांधलं ते शेतकरी केल्टिक भाषा आयर्लंडात येण्याच्याही फार आधीचे. द्रुइड त्यांच्यानंतर कितीतरी शतकांनी. त्या लोकांच्या ओठांवर काय होतं त्यातलं अक्षरही आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. तिथून रेनच्या पाखरापर्यंत सरळ रेघ ओढणं सोपं आहे, पण मधली पाच हजार वर्षं कोरी आहेत. मला तर ही घाई त्या माणसांवर अन्याय करणारी वाटते. सलगमात मेणबत्ती उभी करणाऱ्या आजी सूर्य पूजत नाहीत, त्या मेरीला जागा देतात. त्यांना काय म्हणायचंय ते त्यांच्याच तोंडून का घेऊ नये?

आणि ते घेतलेलं आहेही! १९३५ साली आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात देशातल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांमधल्या पन्नासेक हजार मुलांना काम दिलं की घरी जा, आजीआजोबांना विचारा आणि वहीत लिहून आणा. सण, औषधं, भुतं, हवामान, सगळं. त्या वह्या जपल्या आहेत, आता संगणकावर कुणालाही वाचता येतात. नाताळाची पानं वाचा. मुलांच्या कोवळ्या अक्षरात लिहिलेलं असतं की त्या रात्री बाराला गोठ्यातली गुरं गुडघे टेकतात, बोलतातही, पण ऐकायला जाऊ नये. की त्या रात्री मरण आलं तर स्वर्गाचं दार उघडं असतं. दहा वर्षांच्या पोरानं आज्याचं बोलणं उतरवलेलं. असं काही आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यातल्या शाळांतून झालं असतं तर, हा विचार मला दर वेळी छळतो.

शाहूपुरीकर

न्यूग्रेंजचं वाचून राहवलं नाही. आमच्या कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. एक दिवस पायांवर, एक दिवस मध्यावर, एक दिवस मुखावर. किरणोत्सव म्हणतात. त्याही दिवशी ढग असतात, त्याही दिवशी माणसं उभी राहतात. मधे इमारती आल्या म्हणून किरणं अडतात, त्यावरून गावात किती जीव तुटतो ते मी पाहिलंय. जुनी पानं, 'कुणी हळहळलं नाही' हे तुमचं वाक्य कळलं.

पुणेरी_वाचक

जुनी पानं, मान्य. पुरावा म्हणालो ते घाईचं होतं. तरी वर्षाच्या सगळ्यात काळ्या आठवड्यात माणसं उजेड लावतात आणि एकमेकांच्या दारी जातात, एवढं साम्य मी सोडणार नाही. त्या वह्या आज रात्री वाचायला घेतो.

अनघा_कॉर्क

बायकांच्या नाताळाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. कॉर्क आणि केरी हे त्याचं माहेर.

६ जानेवारी. आयरिशमध्ये 'नॉलिग ना मान', बायकांचा नाताळ. बारा दिवस बायका रांधून, वाढून, पाहुण्यांचं करून थकलेल्या असतात. या दिवशी घरचं सगळं पुरुषांनी बघायचं आणि बायकांनी बाहेर पडायचं. पूर्वी बाहेर म्हणजे शेजारणीकडे. पुरुषांच्या नाताळाला मांस आणि व्हिस्की, बायकांच्या नाताळाला चहा आणि मनुकांचा केक, अशी वाटणीच होती. परसातल्या कोंबड्यांची अंडी विकून बाईनं जे दोन पैसे बाजूला टाकलेले असायचे, त्यातला उरलेला आणा या दिवशी स्वतःवर खर्च व्हायचा. मधे हे जवळपास विझलं होतं. आता कॉर्कात ६ तारखेला कुठल्याही हॉटेलात जा, आया, लेकी, मावश्या, आज्या टेबलं भरून बसलेल्या असतात.

माझ्या ऑफिसातल्या सहकारी बाई मला पहिल्या वर्षी त्यांच्या आईच्या घरी घेऊन गेल्या. अकरा जणी होत्या. ऐंशी पार केलेल्या चौघी. मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची सवय असलेली, तेव्हा नकळत डब्यात तिळाच्या वड्या नेल्या होत्या. एका आजींनी वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे तर चुलीवर भाजल्यासारखं लागतंय." मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या आईला सात मुलं होती आणि वर्षात फक्त या एका दुपारी त्यांनी आईला खुर्चीत टेकून बसलेलं पाहिलं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. एक दिवस पुरेसा नाही हे त्या सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणूनच तो कुणी सोडत नाही.

एक जुनं वर्णन मला फार आवडतं, १६८२ सालचं, वेस्टमीथ काउंटीतलं. पाच जानेवारीच्या रात्री चाळणीत ओट भरून ती उंचावर ठेवायचे, त्यात बारा मेणबत्त्या आणि मधे एक मोठी. बारा शिष्य आणि ख्रिस्त. पुढच्या काळात घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक वेताची वात लावायचे आणि कुणाची आधी विझते याकडे धास्तीनं बघायचे. आणि या रात्रीबद्दल आयरिशमध्ये म्हणतात की पाण्याची दारू होते, लव्हाळ्याचं रेशीम होतं आणि वाळूचं सोनं.

खाण्याचं राहिलंच. कॉर्कचं खास म्हणजे मसाल्यात आठवडे मुरवलेलं बीफ, त्यात मिरी, लवंग, जायफळ. आम्ही घरात खात नाही, पण डिसेंबरात इथल्या जुन्या इंग्लिश मार्केटमधून नुसतं चालत गेलं तरी गरम मसाला कुटल्याचा वास येतो.

सायली_केरी

अनघाताई, वेताची नाही हं, लव्हाळ्याची वात. इथे ओढ्याकाठी होतं ते. सोलून आतला गाभा चरबीत बुडवायचा. बाकी तुम्ही लिहिलेलं आईला वाचून दाखवलं, ती रडली.

अनघा_कॉर्क

हो हो, लव्हाळ्याचीच! धन्यवाद. घाईत टंकलं.

मालवणी_माणूस

नववर्षाचं काही नसतं का?

जुनी_पानं

असतं. ३१ च्या रात्रीला आयरिशमध्ये 'मोठ्या घासाची रात्र' असं नाव आहे. पोटभर जेवायचं आणि मग घरधन्यानं पावाचा मोठा गोळा दारावर आपटायचा, म्हणजे भूक वर्षभर उंबऱ्याबाहेर राहते. सांडलेले तुकडे सगळ्यांनी वेचून खायचे. दुष्काळातून गेलेल्या देशात हे वाचताना हसू येत नाही. वाऱ्याची दिशाही बघतात, पश्चिमेचा वारा आयर्लंडला भाग्याचा.

वेक्सफर्डचा_पाहुणा

यंदा २६ ला कुटुंबासह डिंगलला यायचा विचार आहे. सायलीताई, काही सूचना? आणि मेणबत्ती अजून लेकच लावते का? ती आता मोठी झाली असेल.

सायली_केरी

नक्की या. गाडी गावाबाहेर लावा, अकराच्या आत पोचा, रस्ते पुढे बंद होतात. सुट्टी नाणी खिशात ठेवा, प्रत्येक पथक डबा पुढे करतं. लहान मुलांना ढोल फार मोठा वाटतो, कानटोपी घाला. आदल्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला या, पुण्याचे पोहे आणि आजींचा केक दोन्ही मिळेल.

लेक दहा वर्षांची झाली. सात वर्षं ओळीनं तिनंच लावली, पण गेल्या नाताळात आमच्याकडे नागपूरचं एक जोडपं राहायला होतं, त्यांचं बाळ आठ महिन्यांचं. आजी नेहमीसारख्या सलगम घेऊन आल्या आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. लेक गप्प झाली. आजी म्हणाल्या, त्या घडीला जो या छपराखाली धाकटा तोच. मग लेकीनं काडेपेटी घेतली, बाळाला मांडीवर बसवलं आणि त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. पहिली काडी मोडली, दुसरी बाळानं फुंकरीनं की शिंकेनं विझवली. तिसरीला लागली.